पहिली बादली

प्रसाद देवतळेच्या घरी पाहुणा आला की चहाबरोबर एक गोष्ट हमखास मिळते. ती सांगते त्याची बायको मंजूषा. "आमचे हे पायलटच व्हायचे हो, पण ऐन वेळी इंजिनानं दगा दिला." एकोणीस वर्षांचा प्रसाद त्या दिवशी पहिल्यांदा एकट्यानं उडणार होता. शिकवणारे कॅप्टन 'जा आता' म्हणून विमानातून उतरले आणि नेमकं तेव्हाच इंजिन खडखडायला लागलं. पाहुणा चुकचुकतो, प्रसाद मान खाली घालून चहात बिस्किट बुडवतो, आणि बरखेड्यातल्या त्या क्वार्टरमधली संध्याकाळ सुखात पार पडते.

इंजिन खरंच खडखडलं होतं का, हे प्रसादनं स्वतःला विचारणं केव्हाच सोडून दिलं होतं. फ्लाइंग क्लबचे मेकॅनिक दिलीपकाका खानझोडे यांनी दोन दिवस ते इंजिन उघडून पाहिलं होतं. त्यांना काही सापडलं नाही. प्रसाद मात्र पुन्हा उडायला गेला नाही. गेला तो वर्षभरानं, त्याच क्लबात, त्याच दिलीपकाकांच्या हाताखाली पाने-पकडी घेऊन. काका नागपूरकडचे, तोंडानं फटकळ. पण त्या इंजिनाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि प्रसादनं तर नाहीच नाही.

तीस वर्षं झाली. आता काकांच्या जागी प्रसाद आहे. रोज सकाळी विमान तपासायचं आणि वहीत सही करायची. ती सही झाल्याशिवाय विमान जागचं हलत नाही. क्लबात एक रिवाजही आहे. पहिल्यांदा एकट्यानं उडून आलेल्या पोराला बादल्या ओतून न्हाऊ घालतात, आणि पहिली बादली ओतायचा मान असतो विमानावर सही करणाऱ्याचा. प्रसादनं आजवर शंभरेक पोरं भिजवली असतील. डिसेंबरात तर तो आदल्या दिवशीच पाणी भरून उघड्यावर ठेवायचा, म्हणजे चांगलं गारठेल. पोरं किंचाळायची, सगळे हसायचे. त्या गार पाण्यात प्रसादची किती जळजळ मिसळलेली असे, हे कुणाच्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

परक्यांच्या पोरांवर जळणं एक वेळ खपून जातं. पण या वर्षी त्याची स्वतःची संपदा शिष्यवृत्ती मिळवून क्लबात आली, आणि सोळा तासांच्या शिकवणीनंतर कॅप्टन परीक्षित म्हणाले, "देवतळे, परसों आपकी बेटी सोलो करेगी." प्रसाद 'थँक्यू सर' म्हणाला आणि मागे जाऊन उगाच एक स्वच्छ पाना पुसत बसला. त्याला पोटच्या पोरीचा हेवा वाटत होता. अगदी सरळ, नागडा हेवा. त्याची त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तो काही कमी होत नव्हता.

सोलोच्या दिवशी सकाळी संपदा दोन बश्या पोहे चेपून वर लिंबू मागत होती. तीस वर्षांपूर्वी, त्याच्या त्या दिवशी, त्याला पाण्याचा घोटही गिळवला नव्हता. "जरा कमी खा," तो खेकसला.

"क्यों? भीती वाटली तर वाटेल ना वरती, आत्ता भूक लागलीय," ती म्हणाली. मंजूषा कौतुकानं हसली. प्रसादला ते हसूही बोचलं.

वीस मिनिटांची तपासणी. त्या दिवशी त्याला तास लागला. तो दोष शोधत होता, अगदी आशेनं शोधत होता. टायर? परवाच बदललेला. तेल, इंधन, पंख्याची पाती, सगळं चोख. शेवटी वही उघडली. 'इंजिनाचा आवाज ठीक नाही' एवढे चार शब्द लिहिले असते तरी पुरे होते. त्याच्या शब्दाला कुणी हरकत घेतली नसती. परीक्षित सर उद्यापासून पंधरा दिवस रजेवर. पंधरा दिवसांत कुणी सांगावं, हिच्याही मनात भीती शिरेल. आपण काय चिंततोय हे लक्षात आलं तशी त्याला स्वतःची शिसारी आली. त्यानं झटकन सही ठोकली.

दोन फेऱ्या सरांबरोबर झाल्या. मग सर उतरले, दार लावून बाजूला झाले. विमान धावपट्टीच्या टोकाशी उभं राहिलं. पंखा फिरत होता, विमान हलत नव्हतं. एक मिनिट झालं. 'बंद कर,' प्रसाद मनात म्हणाला. 'कर इंजिन बंद.' आणि त्याच वेळी त्याच्या मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं रुतत होती.

विमान निघालं. सरांचं वजन नसल्यामुळे लवकरच हलकं होऊन वर गेलं, तलावाच्या बाजूनं वळलं, एक फेरी मारून आलं आणि बारीकशी उडी घेत टेकलं. सगळी मिळून सहा-सात मिनिटं. प्रसादची तीस वर्षं त्यात सहज मावली.

पोरांनी बादली त्याच्या हातात दिली. संपदा डोळे मिटून उभी राहिली. त्यानं ओतली, सावकाश. मग बाकीच्यांनी हात धुऊन घेतले. निथळत ती त्याच्यापाशी आली.

"बाबा, सर उतरले ना, तेव्हा सेम तुमच्यासारखं झालं. इंजिन थरथरायला लागलं! म्हटलं, गेलं सोलो. मग आठवलं, अरे, सही तर बाबांची आहे. खाली बघितलं तर माझेच पाय कापत होते. वो भी कैसे, पेडलवर नुसते थडथड! जरा थांबले, पाय कापायचे थांबले, मग निघाले." तिनं तोंडावरचं पाणी पुसलं. "तुमचं बिचाऱ्यांचं तर खरंच बिघडलं होतं."

प्रसादनं रिकामी बादली उचलली आणि नळापाशी नेऊन ठेवली.

संध्याकाळी त्यानं पेढ्यांचा पुडा घेऊन स्कूटर नेहरू नगरला वळवली. दिलीपकाका आता ऐंशीचे, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी पेढा घेतला, पोरीचं कौतुक केलं. प्रसाद उभाच राहिला.

"काका, त्या दिवशी इंजिन ठीक होतं. माझे पाय कापत होते."

काकांनी पेढा पुरता खाल्ला, बोटं पुसली.

"मले का माहीत नव्हतं बे? सगळ्यांचेच कापतात." ते रस्त्याकडे पाहत राहिले. "तिसऱ्या दिवशी सकाळी सहाले विमान बाहेर काढून ठेवलं होतं तुयासाठी. सही करून. बादली भरून. दहा वाजेपर्यंत वाट पाहिली म्या. तू आलाच नाहीस."