मशीनच्या हाकेला ओ

"चित्र हललंय," रेडिऑलॉजिस्ट मॅडम स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाल्या. "हा स्कॅन कुणी केला?"

"मी."

एक्स-रे, सीटी काढायला शिकवणाऱ्या इमेजिंगच्या डिग्रीचं माझं शेवटचं वर्ष. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही चुकलं की ते कबूल करणं जड जायचं. लोणावळ्याजवळच्या एका हॉस्पिटलात सीटी विभागात माझी इंटर्नशिप चालू होती. पेशंट होते वलवणचे एक आबा. एक्स-रेमध्ये त्यांच्या उजव्या फुफ्फुसात गाठ दिसली होती. कॅन्सरच्या शंकेने सर्जननी सोमवारी ऑपरेशन ठेवलं होतं. फुफ्फुसाचा एक भाग काढायचा होता.

मॅडमना वेगळी शंका होती. हॅमार्टोमा नावाची एक निरुपद्रवी गाठ क्वचित सापडते. तिच्यात बऱ्याचदा चरबी असते. सीटी प्रत्येक ठिकाणची घनता आकड्यात सांगते; पाण्याचा आकडा शून्य धरतात, चरबीचा त्याच्या खाली येतो. पण गाठ लहान आणि चित्र पुसट असलं, तर त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पेशंटने काही सेकंद श्वास रोखायचा असतो.

चित्र का हललं, ते मला माहीत होतं. सांगायला धीर होत नव्हता.

"मॅडम, मशीनमधली बाई 'साँस रोकिए' म्हणाली की आबा 'व्हय' म्हणतात. काचेतून ओठ हललेले दिसले. मला वाटलं, चालेल."

"वाटलं?"

मॅडमनी स्क्रीनवर गाठीवर बोट ठेवलं.

"फक्त गाठीपुरता परत घे. काप पातळ ठेव, म्हणजे लहान गाठही नीट मोजता येईल."

आबांना पुन्हा टेबलावर झोपवलं.

"आबा, आतली बाई काही बोलली तरी उत्तर द्यायचं न्हाई."

"आगं, कुनी सांगितलं आन् आपून गप ऱ्हायचं? बरं दिसतं व्हय?"

आमच्या कुसगावातही हाकेला ओ द्यावीच लागते. त्यामुळे त्यांचं चुकतंय असं मला म्हणवेना.

"आवाज रेकॉर्ड केलेला आहे, आबा. मशीन थांबलं की मी आत येते. तेव्हा मला सांगा."

"मंग जमंल."

या वेळी ओठ हलले नाहीत. मी दार उघडताच आबा म्हणाले, "व्हय."

मॅडमनी स्क्रीनवर गाठीच्या आत मोजणीचा गोल काढला. आकडा शून्याच्या बराच खाली आला, चरबीचा असतो तसा. त्यांनी दोन-तीन ठिकाणी पुन्हा मोजलं आणि सर्जनना बोलावलं.

सर्जननी चित्र बराच वेळ पाहिलं. "सोमवार रद्द," ते म्हणाले. "काही महिन्यांनी परत स्कॅन करू."

आबांनी मला विचारलं, "तवा बी तीच बाई आसंल का?"

"असेल."

"मंग वळख झाली म्हनायची."

आता श्वास रोखायला शिकवताना मी एक वाक्य जास्त बोलते: उत्तर मला द्या, पण नंतर. आणि चित्र हललं असेल, तर मॅडमनी विचारायच्या आत सांगून टाकते.