मध्यरेषेच्या अलीकडे

साल दोन हजार पंचवीस. इनास सत्तर वर्षांचा होता, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. म्हणजे रांगेत माझा नंबर आधी होता. पण कबड्डीत चढाईला तो नेहमी माझ्याआधी उठायचा... तसाच उठला. मी पानवेलीला पाणी सोडत होतो आणि चर्चची घंटा वाजली. लग्नाची कोणती, मरणाची कोणती, हे आमच्या वटार गावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही, मग तो हिंदू असो नाहीतर ख्रिस्ती. पाट तसाच वाहता टाकला आणि निघालो.

ओटीवर त्याला सूट घालून शवपेटीत निजवलं होतं. त्याची बायको मार्था मला आतल्या खोलीत घेऊन गेली. खाटेवर दोन सदरे ठेवलेले. एक निळा, पातळ, कबड्डीचा. दुसरा जाड, कॉलरवाला, रग्बीचा. दोन्हींच्या छातीवर देशाचं नाव. "धर्माभाऊ, एकच पेटीत ठेवायचा असं सांगून गेलेत. कोनता म्हनून इचारलं, तर म्हनाले, धर्मा सांगेल." अंगणात एका बाजूला आमच्या कबड्डी मंडळाची पोरं उभी होती, दुसऱ्या बाजूला मुंबईहून आलेले रग्बीवाले. सगळ्यांचे डोळे त्या दाराकडे.

मी चौथीत शाळा सोडली, पण हे मी स्वतःच लिहितोय. इनासचं दुसऱ्याच्या हातून लिहून घेणार नाही. आम्ही वाडीत, शेणाने सारवलेल्या जमिनीवर कबड्डी शिकलो. मी डावा कोपरा, तो माझ्या शेजारी. साखळी करताना त्याने माझी बोटं कधी धरली नाहीत, मनगट धरायचा. म्हणायचा, "बोटं सुटतात रे. मनगट नाय सुटत." चढाईला गेला की त्याचा दम संपायचाच नाही. समोरच्याला वाटायचं, आता अडकला, आणि हा खाली वाकून सापासारखा सुटून मध्यरेषेवर हात टेकवायचा. देशाच्या संघात गेला तेव्हा वटारात फटाके वाजले.

मग मुंबईत कंपनीत नोकरी लागली आणि तिथल्या साहेबांनी त्याला त्या रग्बीत ओढलं. पपईएवढा चेंडू, चिखलात लोळणारी धिप्पाड माणसं! मंडळ भडकलं. "दोन डगरींवर पाय नको, एक खेळ धर." त्याने दोन्ही धरले, म्हणून मंडळाने त्याला संघाबाहेर बसवला. मी म्हटलं, माझं मनगट धरायला तो नसेल, तर कोपरा तुमचा तुम्ही सांभाळा. त्या मोसमात मीही बसलो. रग्बीला मी भरपूर शिव्या घातल्या, आजही घालतो. इनासला कधी नाही.

त्याची पहिली रग्बीची मॅच बघायला गेलो होतो. चेंडू हातात आला आणि हा जो सुटला... कोणाच्या काखेतून, कोणाच्या ढोपराजवळून, थेट पलीकडच्या रेषेपार! तिथे चेंडू जमिनीला टेकवला की काम झालं, एवढं मला बाहेर बसूनही कळलं होतं. हा टेकवतो कुठला? गर्रकन वळला, त्याच लोकांमधून पुन्हा वाट काढत, तोंडाने कबड्डी-कबड्डी पुटपुटत, मैदानाच्या मध्यावर परत आला आणि हात वर करून माझ्याकडे बघून हसला. क्षणभर कोणाला काही कळेना. मग सगळं मैदान खो-खो हसायला लागलं. त्याचा साहेब तेवढा डोकं धरून बसला.

"अरे माठा, तिकडंच थांबायचं व्हतं!" मी म्हटलं.

"माहीत हाय रे. पन परत नाय आलो तर मेल्यासारखं वाटतं."

पुढे तो ते शिकला. रग्बीतही देशाकडून खेळला, श्रीलंकेला जाऊन आला. तेव्हा फटाके कोणी वाजवले नाहीत. मी एकट्यानेच एक माळ लावली, आणि ती कशासाठी ते त्याला सांगितलं नाही.

शेवटी छातीचं दुखणं आलं. ज्याच्या दमापुढे अख्खा तालुका हरला, तो चार शब्दांत थकायचा. शेवटचा भेटलो तेव्हा त्याने चादरीतून हात बाहेर काढला आणि माझं मनगट धरलं... पकड तीच होती.

त्या खोलीत हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं. मार्था वाट बघत होती. निळ्या सदऱ्यावरून मी एकदा हात फिरवला.

"रग्बीचा ठेव, बाय."

ती बघतच राहिली. "तुमी सांगताय? जलमभर त्या खेळाला नावं ठेवलीत, आनि आता..."

"त्या खेळात पलीकडं जाऊन थांबायचं असतं," मी म्हटलं. "आपल्यात नाय. आपला निळा हितंच राहू दे."

ती दाराला टेकली आणि मग जी रडली... रग्बीचा सदरा तिने त्याच्या हाताखाली ठेवला. निळा माझ्या खांद्यावर टाकला. बाहेर मंडळाची पोरं माझ्याकडे रागाने बघत होती. बघेनात का.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. ओल्या वाळूत टाचेने मध्यरेषा ओढली, निळा सदरा अंगात चढवला, छातीवर जरा ढगळ झाला. आणि रेषेच्या अलीकडे, डाव्या कोपऱ्यात, मनगट पुढे करून उभा राहिलो.