मागच्या बोळातली ब्राह्मी

इंदिरानगरातल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटमागे दोन हात रुंदीचा बोळ आहे. तिथे ऊन पोचत नाही आणि गळक्या पाइपमुळे माती कधी सुकत नाही. तुळस कुजली, मोगरा रुसला. शेवटी आईने पेठकडच्या आमच्या गावाहून, ओहोळाकाठच्या झाडांखालची ब्राह्मी आणून लावली. "हिला सावली आणि ओल पुरते, बाकी लाड नकोत," म्हणाली. पेरापेराला मूळ धरत वर्षभरात तिने नाण्याएवढ्या पानांनी सगळा बोळ झाकला.

आणि मग आई गेली.

तेरावं उरकून मी परतले तर बोळ लख्ख. सासूबाई खुशीत होत्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. "लय गवत माजलं होतं गं मागं. समदं काढलं. म्हटलं, तू दमून येशील."

आत्यांचा जन्म भाजीच्या मळ्यात गेलेला. वाफ्यात जमिनीलगत सरपटणारं जे दिसेल ते उपटायचं, हे हातांनाच पाठ. मळा विकून आमच्याकडे आल्या तेव्हा भांडीकुंडी मागे ठेवली, खुरपं मात्र आणलं. सोसायटीच्या लॉनवरही त्यांचा हात चालायचा. नवरा हसायचा, "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

उपटलेलं पुन्हा रुजू नये म्हणून माती झटकून, मुळं वर करून ते उन्हात टाकायची त्यांची पद्धत. आईची ब्राह्मी कंपाउंडच्या भिंतीवर तशीच वाळून कुरकुरीत झाली होती.

माझी जीभ मुळातच तिखट. "तुमच्या हाताला काही जगू द्यायची सवयच नाही," मी म्हणाले. उभा जन्म ज्यांनी भाजी पिकवली, त्यांना. त्यांनी खुरपं धुतलं, पुसलं, माळ्यावर ठेवायला दिलं. पुन्हा मातीला हात लावला नाही.

दोन महिन्यांनी पाइपच्या मागे एक गोल पान दिसलं. एखादं पेर मातीत राहिलं असावं. आत्या आत गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. म्हटलं, राहू दे टोचणी अजून थोडे दिवस. मी इतकी दुष्ट आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. उद्या सांगू, परवा सांगू करत आठवडे गेले आणि एका सकाळी त्या झोपेतून उठल्याच नाहीत.

आता बोळभर पुन्हा ब्राह्मी आहे. तिच्यात गवतही माजलंय. माळ्यावरचं खुरपं काढून मी बसते, पण गवत ओढलं की ब्राह्मीही हातात येते. नेमकं कसं खुरपायचं ते मी कधी शिकून घेतलं नाही. शिकवणारी घरातच होती.

परवा असंच चुकून निघालेलं एक पेर परत मातीत दाबताना मी मोठ्याने म्हणाले, "आत्या, बघा, जगलीये."