ओकाखालची हिरवी अळंबी

पिरोगींच्या, म्हणजे उकडायच्या करंज्यांच्या, निम्म्या पाऱ्या भरून झाल्या होत्या, निम्म्या ओट्यावर वाळत पडल्या होत्या, तेवढ्यात ओतिलियामावशी दारात उभी राहिली. हातात फडक्याचं गाठोडं.

"रोझालिया, हे सारणात घाल. हिरवी अळंबी. मी तर दुपारीच खाल्ली, आंबट सायीत परतून. पातेलं चाटूनपुसून ठेवलं बघ!"

आमच्या गल्लीतली सगळ्यांत ताठ बाई. जमीनदारांच्या हवेलीत सरकारी विश्रामगृह होतं तेव्हा तिथल्या चादरी तिनेच धुतल्या. विश्रामगृह बंद पडलं, पण हवेलीमागच्या रानातली तिची फेरी चुकली नाही. फाटक, लिंडनच्या झाडांमधली वाट, मेरीमातेची देवळी, जुना ओकवृक्ष, की परत. नवरा तेओफिल जाऊन बरीच वर्षं झाली, त्याचा चाकू मात्र अजून हिच्या खिशात असतो. अळंबी उपटायची नाही, टोपीखाली कापायची, ही त्याची शिकवण. "जमिनीतलं ते देवाचं," असं ती म्हणते.

मी गाठोडं सोडलं. नुसत्या टोप्या, देठ नावालाही नाहीत. एकीच्या खालच्या पांढऱ्या पापुद्र्यांवरून बोट फिरवलं. खायच्या हिरव्या अळंबीचे पापुद्रे बोट लागताच तुटतात. हे नुसते वाकले.

ही विषारी असावी, म्हणून मी गाठोडं पुन्हा बांधून काखेत मारलं. पण तोंडावर बोलायची सोय नव्हती. मागे औषधांच्या दुकानातल्या बाईने तिच्या अळंबीवर शंका काढली, तर मावशी तिच्याशी अजून बोलत नाही.

"मावशी, जागा दाखवतेस? मलाही थोडी हवी."

"पीठ उघडं टाकून? नवरा उपाशी राहील तुझा."

"राहू दे. पोट तरी उतरेल त्याचं."

ती हसली आणि पुढे झाली. रानात एक पाखरू बोलत नव्हतं. ओली पानं पायाखाली दबत होती, तेवढाच आवाज. मावशी प्रत्येक खोडाला हात लावत चालली होती. मला वाटलं, लाडाने. देवळीशी फादर अनझेल्म मेणबत्ती लावत होते. त्यांनी हसून मान लववली. ही त्यांच्या अगदी समोरून तशीच निघाली.

"देव भलं करो, ओतिलिया," ते म्हणाले, तेव्हा दचकली.

"अगंबाई, फादर! तुमचे बूट हल्ली वाजत नाहीत."

थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, "मावशी, तुला दिसत नाही."

"दिसतं की. जरा धुकं असतं."

"आज धुकं नाहीये."

ती थांबली. "कोनराडला सांगू नकोस हं. माझाच मुलगा, ओळखते मी त्याला. शहरात चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवेल. तिथे फिरू कुठे, जिन्यात?"

ओकाखाली कापलेले देठ उभे होते. मी गुडघ्यांवर बसून बोटांनी माती उकरली. देठाच्या बुडाशी पांढरी, फाटकी पिशवी निघाली. आमच्याकडे पोरांना चालता येऊ लागलं की ही पिशवी दाखवून ठेवतात: ही दिसली की हात लावू नका, ही मरणाची. मावशीने अळंबी उपटली असती तर पिशवी हाताला लागली असती. मी ती तिच्या तळव्यावर ठेवली. अंगठ्यांनी ती कितीतरी वेळ चाचपत राहिली.

"पण मला काही होत नाहीये गं," ती हळूच म्हणाली. "चव किती छान होती."

मी फादरांना हाका मारत पळाले.

त्यांच्याच गाडीतून तिला तालुक्याच्या इस्पितळात नेलं. वाटेत तिने माझ्या हातातली जपमाळ घेतली. बोटांना मणी अचूक सापडत होते. दिवे लागायच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. गाठोडं आणि पिशवी डॉक्टरांनी ठेवून घेतली. लवकर आणलंत म्हणाले, पण उद्या तिला बरं वाटलं तरी त्यावर जाऊ नका, यकृताचं नंतर कळतं. खाटेवरून तिने पुन्हा बजावलं, "कोनराडला नाही हं." मी हो म्हटलं नाही.

घरी आले तर पाऱ्या कडक झालेल्या. कोंबड्यांना टाकल्या. माते, तिला पदराखाली घे.

आता फादरांच्या घरी जाऊन कोनराडला फोन करायचा आहे.