आमच्या ह्यांचे पाच सेकंद

आमचे हे दिवसा छापखान्यात आणि संध्याकाळी बास्केटबॉलच्या मैदानावर पंच. अठरा वर्षं! घरात मीठ आणायला सांगा, हमखास विसरतील. शिट्टी विसरायची मात्र टाप नाही. मीही तिथेच टेबलाशी बसून सामन्याची वेळ बघते. रेषेबाहेरून चेंडू आत टाकायला खेळाडूला पाच सेकंद मिळतात, ते पंचाने हात हलवून मोजायचे. आता ह्यांचे पाच म्हणजे घड्याळाचे सहा. मला कधीच कळलं होतं. पण बोलायचं कुणी? चिडतील, रुसतील. म्हटलं, सगळ्यांनाच सहा देतात, जाऊ दे.

यंदाच्या मुलींच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला पंचांचे निरीक्षक ह्यांच्याकडे आले. "तुमची मोजणी लांबते असं वाटतंय. खरं निघालं तर शिट्टी जमा करावी लागेल, पंचगिरी बंद."

"माझे पाच पाचच असतात," हे ताठ मानेने म्हणाले.

शेवटचं मिनिट. निळ्या संघाकडे एका गुणाची आघाडी. त्यांच्या मुलीने रेषेबाहेर चेंडू धरून ठेवला आणि दुसऱ्या टोकाच्या पंचांनी बरोबर पाचाला शिट्टी मारली. चेंडू गेला पिवळ्यांकडे. लगेच तो निळ्यांच्या हाताला लागून बाहेर गेला, तो ह्यांच्या बाजूला. पिवळी मुलगी चेंडू घेऊन उभी, पुढे निळ्या हातांची भिंत. मी हातातलं स्टॉपवॉच दाबलं. तीन. चार. पाच झाले! अहो, वाजवा की! ह्यांचा हात चौथ्यालाच होता. साडेपाचाला चेंडू सुटला, बास्केट झाली, खेळ संपला. निळ्या मुली मैदानातच बसून रडायला लागल्या.

सगळ्यांना सहा म्हणे! निळ्यांना तर पाचच मिळाले. मला स्वतःचीच लाज वाटली.

निरीक्षक थेट टेबलाशी आले. "बाई, किती झाले?"

हे माझ्याकडे बघत होते, अगदी निर्धास्त. पाच म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"साडेपाच," मी म्हणाले. "ह्यांचे नेहमीच लांबतात."

ह्यांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. स्कूटरपाशी आल्यावर विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"अकरा वर्षं."

"अगं, मग पहिल्याच दिवशी सांगायचंस ना," हे म्हणाले, "मी सुधारलं असतं."