बाभळीवरचा पटका

नागोजी गेला, हे मला हट्टा गावच्या बाजारात कळलं. मी वांगी निवडत होतो, तेवढ्यात आमच्या गावचा एक जण मागून आला आणि म्हणाला, "मास्तर, त्यो मेंढरंवाला नागोजी गेला की तापानं. त्योच न्हाई का, पटका बांधून पाटलाचं पोरगं बुडवलं ते..." बघा! माणूस मेला तरी त्याची ओळख हीच. ज्यानं निम्म्या गावाला पाण्यात हातपाय मारायला शिकवलं, त्याच्या नावापुढं बुडवलेलं पोरगं! मी वांगी तिथंच टाकून गावाकडं निघालो, आणि अंगात होतं ते दुःख नव्हे, संताप. आज महिना उलटला तरी तो संताप खाली बसत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव पूर्णेच्या काठावर. करमणूक म्हणाल तर एकच, गावाखालचा डोह. पाऊस उघडला की म्हातारेकोतारेसुद्धा लंगोट लावून पाण्यात. पण पूर्णा लहरी. आपल्या डोक्यावर ऊन तापलेलं असतं आणि तिकडं वर जिंतूरकडं ढग फुटलेला असतो. हे ओळखायचं काम नागोजी करायचा, आणि ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मेंढरं पाण्यावर न्यायची म्हणून तो रोज उजाडताच नदीवर असायचा. काठाला त्यानं एक खुंटी ठोकली होती. पाणी तिच्यावर किती बोटं चढलं ते आधी पाहायचा. मग ओंजळ भरून वास घ्यायचा. काठाकाठानं वाळक्या काड्या, लेंड्या, फेसाचे गोळे वाहत येताना दिसले की म्हणायचा, "वरचा काठ धुऊन येऊन राहिली. आज हिचं डोकं ठिकाणावर न्हाई." मग डोक्यावरचा तांबडा पटका सोडून काठच्या बाभळीवर टांगायचा. पटका बाभळीवर असला की पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. नागोजीच्या डोक्यावर असला की खुशाल पोहा. इतकं साधं. पलीकडच्या काठावरूनही दिसायचं.

मलाही त्यानंच शिकवलं. मी नवा नवा शाळेवर आलेलो, पाण्याला घाबरणारा. माझ्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्यानं मला डोहात ढकललं आणि काठावर बसून पोट धरून हसला. "मास्तर, पोरायला पाढे शिकवता अन् सोताला बुडायची भीती? हाना हात!" मी चार शिव्या दिल्या आणि हात मारले. तेव्हापासून आमची दोस्ती.

पुढं एका श्रावणात तालुक्याहून एक साहेब येणार होते. शाळेतर्फे पोहण्याची शर्यत ठेवायची कल्पना माझीच. मोठी हौस! पोहणारे चौघे जण उजाडायच्या आत, पाणी निवळ असताना, नाव घेऊन पलीकडं गेले. तिकडून सुटायचं आणि अलीकडं यायचं. साहेबांची खुर्ची मांडली, सतरंजी अंथरली, आणि पाहतो तो नागोजी बोडक्या डोक्यानं पळत येतोय. पटका बाभळीवर. "मास्तर, शर्यत बंद करा. चार बोटं चढली हाय. वर पानी पडलंय." मी म्हणालो, साहेबांना तूच सांग. माझी सांगायची छाती नव्हती, हे खरं कारण.

तो साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. आणि साहेबांनी पाणी पाहिलं नाही, आभाळ पाहिलं नाही, पाहिलं ते त्याचं उघडं डोकं! निजामाच्या राजवटीत हुजुरापुढं बोडकं उभं राहणं म्हणजे केवढा गुन्हा. त्यांचा कारकून, पेशकार, खेकसला, "नंगे सर साहब के सामने? तमीज नहीं?" नागोजी हात जोडून सांगतोय, पाणी चढतंय, आणि ऐकणारे म्हणतात, आधी डोकं झाक! नोकरी दिसली डोळ्यांपुढं. मी धावत गेलो, बाभळीवरचा पटका ओढला आणि त्याच्या हातात कोंबला. "बांध आधी, मग बोल."

"मास्तर, त्यो काढू नका हो..."

"अरे, दोन मिनिटं!"

त्यानं तो कसाबसा गुंडाळला आणि सलाम केला. पाण्याच्या आवाजात पलीकडं हाक जात नव्हती. तिकडच्या चौघांना दिसला तो फक्त नागोजीच्या डोक्यावरचा तांबडा पटका. त्यांनी उड्या टाकल्या. नागोजी अंगावरच्या कपड्यांनिशी धारेत शिरला. एक जण आपला आपण निघाला, दोघांना यानं ओढून आणलं. पाटलांचा धाकटा विठ्ठल मात्र दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला.

चावडीवर कागद झाला. "नागोजीने पटका बांधून इशारा दिला." एवढंच. साहेब नाही, पेशकार नाही, खुर्ची नाही. साक्षीदार म्हणून खाली सही कुणाची? माझी. स्वच्छ, वळणदार, शाळामास्तरची सही. साहेबांवर रागावणं सोपं आहे हो, मी वर्षानुवर्षं तेच करत आलो. पण पटका झाडावरून काढणारा हात माझा होता, आणि तोंडाला कुलूप लावणाराही मीच. एकदा मी त्याला विचारलं, "तू माझं नाव का घेतलं नाहीस?" तो मेंढरांकडं बघत म्हणाला, "डोकं माझंच व्हतं ना, मास्तर. काहून बांधला मी?" हे ऐकून मला त्याचाच राग आला. भांडायचं होतंस की माझ्याशी! एक थोबाडीत तरी मारायची...

त्यानंतर त्यानं पटका कधी डोक्याला लावला नाही. लग्नात नाही, देवळात नाही. पण उजाडताच नदीवर जायचा, खुंटी पाहायचा. पाणी वाईट असलं की पटका झाडावर, बरं असलं की खांद्यावर. आणि आमचा गाव! त्याला येता-जाता टोमणे मारायचा, पोरांना त्याच्यापासून लांब ओढायचा, आणि आधी बाभळीकडं बघून मगच पाण्यात उतरायचा. लाज नावाची चीज नाही. तो गेला तेव्हा हेच लोक नवा कोरा पटका घेऊन आले, त्याच्या डोक्याला बांधायला. त्याच्या बायकोनं, साळूबाईनं, तो परत केला. "जित्तेपणी न्हाई बांधला त्यानं. आता तुमी कशाला तकलीफ घेता?"

ताप चढला त्या सकाळी त्यानं पटका बाभळीवर टांगला होता. तो अजून तिथंच आहे. आता पूर्णा निवळशंख झाली आहे, तळाचे गोटे मोजावेत अशी, आणि महिनाभर डोहात एक माणूस उतरलेला नाही. नागोजीला नावं ठेवणाऱ्या गावाची त्याचा पटका काढायची छाती नाही.

परवा पाटील स्वतः माझ्याकडं आले. विठ्ठलचे वडील, आता थकलेत. म्हणाले, "मास्तर, तुमी त्याचे दोस्त. काढा की त्यो पटका. लेकरं पवायची थांबून राहिली."

मी म्हणालो, "काढतो. पण आधी चावडीवर चला, पाटील. त्या दिवशी तो कुणी काढला होता, ते सांगायचंय."

पाटलांनी काठी उचलली, आणि आम्ही दोघं चावडीकडं निघालो.