स्मॅशच्या आधीची टाळी

मुलींना व्हॉलीबॉल शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी तरी पालकांशी भांडण्यात. कर्वेनगरच्या ज्या शाळेत मी खेळाची शिक्षिका आहे तिथलं मैदान एवढंसं आहे. मुरमाचं, एका कडेला सायकल स्टँड, आणि नेटचे खांब जुन्या टायरमध्ये सिमेंट ओतून उभे केलेले. सकाळी मी फक्की मारून पांढऱ्या रेषा आखायच्या आणि मधल्या सुट्टीत क्रिकेटवाल्यांनी त्या पायांनी पुसायच्या, हा आमचा नित्यक्रम. ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की शिट्टी विसरले तरी चालतं.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी सराव संपता संपता एका मुलीचे वडील आले. मुलगी नववीतली, माझी लिफ्टर. लिफ्टर म्हणजे स्मॅश मारणारीला चेंडू हवा तसा उठवून देणारी. टीव्हीवर तिला सेटर म्हणतात, आम्ही मैदानावर अजून लिफ्टरच म्हणतो. अंगानं बारकी, पण हात असे की चेंडू कधी आला आणि कधी गेला, आवाजसुद्धा यायचा नाही. सायकल स्टँडच्या भिंतीवर रोज दोनशे वेळा चेंडू उठवायची, तेही मी न सांगता. वडील मूळचे बुलढाण्याकडचे, आता वारज्यात राहतात आणि हिंजवडीला कंपनीची बस चालवतात. गृहस्थ सरळ मुद्द्यावर आले.

"मॅडम, पोरीले उद्यापासून नाही पाठवत."

"का हो? काय झालं?"

"मागची मॅच पाहिली म्या. एक पॉइंट नाही मारला तिनं. एकही नाही! आलेला बॉल उचलते आन् दुसरीले देऊन टाकते. हे काय खेळणं झालं जी?"

पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. दहावीचा क्लास लवकरच सुरू होतोय, तो संध्याकाळचा. हिंजवडीत बस लावून थांबलेले ड्रायव्हर हल्ली मोबाईलवर व्हॉलीबॉलची लीग बघतात, हेही बघतात. मुलगी तशी धडाधड मारत असती तर म्हटलं असतं, चला, पुढेमागे हिचंही काही होईल. पण मारतच नाही तर दहावीचं वर्ष कशाला वाया घालवायचं?

माझं डोकं सणकलं. म्हटलं, "अहो, पंगतीत वाढपी दिसतो, आचारी दिसत नाही. म्हणून जेवण काय वाढप्यानं केलं?"

"आचाऱ्याचं नाव तरी विचारतात लोक," ते शांतपणे म्हणाले. "हिचं कोन विचारते?"

हे नेमकं माझ्या वर्मावर बसलं. कारण मी स्वतः कॉलेजात लिफ्टर होते. आमची फायनल बघायला माझी आई एकदाच आली होती. पाच सेट चालले, पाचही मी खेळले. घरी जाताना आई रिक्षात म्हणाली, "सगळ्या छान खेळल्या गं. तू मैदानात कधी उतरलीस?" मी तेव्हा हसले होते. पण लागलं होतं, आणि खरं सांगते, अजून लागतं. जे सख्ख्या आईला पटवता आलं नाही ते या परक्या माणसाला काय पटवणार होते मी?

तरी हट्टानं म्हटलं, "रविवारी संध्याकाळी लीगची मॅच आहे. शाळेच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर लावते. तुम्ही या. ती बघा आणि मग काय ते ठरवा."

ते जरा घुटमळले. लेक मागे उभी होती, बोटांच्या चिकटपट्ट्या सोडवत. मान खाली. शेवटी म्हणाले, "बरं. एक मॅच पाहतो. मंग सांगतो."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे हॉलची किल्ली मागायला गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "व्हॉलीबॉल बघायला पालक येणार? खुर्च्या किती काढायला सांगू, तीन?"

"पाच," मी म्हटलं.

रविवारी अकरा जण आले. मुली वेगळ्या. खुर्च्या कमी पडल्या तेव्हा मोठ्या बाई स्वतः शेवटच्या बाकावर बसल्या, आपण सहज आलोय असं दाखवत.

मॅच सुरू झाली आणि माझा पार पोपट झाला. आमच्या वेळी टीव्हीवर व्हॉलीबॉल दिसायचा तो वर्षाकाठी कधीतरी, एकाच कॅमेऱ्यातून, मुंग्यांएवढी माणसं. आता रंगीत दिवे, ढोल, चार-चार बाजूंनी कॅमेरे. मला वाटलं होतं, आता तरी सगळं दिसेल. पण दिसत काय होतं? स्मॅशर. उडी स्मॅशरची, दंड स्मॅशरचे, रिप्ले स्मॅशरचा, आणि ओरडणारे कॉमेंटेटर ओरडत होते तेही स्मॅशरच्याच नावानं. लिफ्टर पडद्याच्या कडेला अर्धा कापलेला. लेकीचे वडील माझ्याकडे वळले. टोमणा मारायचा त्यांचा स्वभाव नव्हता, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

"मॅडम, हिचं काम तर टीव्हीवालाही दाखवत नाही ना जी."

मी उठले. मॅच बंदच करायची होती मला, इतका राग आला होता. हॉलमधला पडदा बोटानं चालणारा; कुठे दाबलं कोण जाणे, मॅच बंद व्हायच्या ऐवजी दहा सेकंद मागे गेली. पुन्हा तोच पॉइंट. आणि या वेळी, स्मॅश कुठून येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे, माझं लक्ष लिफ्टरकडे गेलं. मग काय! मी हजेरीचं पुस्तक उचललं आणि पुढच्या पॉइंटला स्मॅशर दिसत होते त्या बाजूवर सरळ आडवं धरलं.

"आता सांगा," मी वडिलांना म्हटलं, "हा चेंडू कुणाला देणार?"

पडद्यावर लिफ्टर डावीकडे तोंड करून उडाला. "त्या तिकडच्याले," ते बेफिकिरीनं म्हणाले. चेंडू गेला डोक्यावरून मागे, उजवीकडे. समोरचे दोन्ही ब्लॉकर, म्हणजे नेटवर अडवायला उड्या मारणारे, डावीकडे धावत सुटलेले. हॉलमध्ये हशा पिकला.

"पुन्हा लावा," ते म्हणाले.

मी लावलं, पुढचा पॉइंट. पुन्हा चुकले. तिसरा, चुकले. आता ते खुर्चीच्या कडेला आले होते. "थांबा, थांबा. रस्त्यावर समोरचा गाडीवाला कुठं वळनार हे मले त्याच्या मानेवरून कळते. इंडिकेटर लागत नाही मले. आन् ह्यो पोट्टा मले फसवते?"

चौथ्यालाही फसले. पाचव्याला बाकीचे पालकही उत्तरं द्यायला लागले आणि सगळ्यांत मोठ्यांदा चुकल्या त्या मोठ्या बाई. मुली मात्र एका सुरात ओरडत होत्या, "काका, खांदे बघा, खांदे!" त्या दिवशी मॅच कोण जिंकलं ते मला आजही आठवत नाही.

निघताना वडिलांनी लेकीला विचारलं, "तूही अशीच फसवतं का लोकायले?"

"हो बाबा."

"आन् मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही," ती म्हणाली. ते माझ्याकडे वळले. मला एवढंच म्हणाले, "शाळांच्या फायनलपर्यंत येईल ती. पुढचं पुढं पाहू."

मी त्यावरही खूश होते. दगडापेक्षा वीट मऊ.

त्यानंतर दर रविवारी हॉल उघडायला लागला. लीग संपेपर्यंत शेजारच्या सोसायटीतली कुटुंबं येऊन बसायची. वेगळ्या रंगाच्या शर्टातला तो स्मॅश का मारत नाही, असं विचारणाऱ्या आज्यांना शाळेतली सहावीतली चिमुरडी, त्यानं फक्त मागे राहून चेंडू वाचवायचा, हा नियम सांगायची. सरावाला नऊ मुली होत्या, त्या बावीस झाल्या. दोघीतिघींनी तर मला लिफ्टरच व्हायचंय म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते. एकीला मी चक्क पुन्हा म्हणायला लावलं. मधल्या सुट्टीत क्रिकेटवाली मुलं फक्कीच्या रेषा ओलांडून न जाता वळसा घालून जायला लागली. तेवढ्यानंही मला भरून आलं, काय सांगू.

मग आंतरशालेय फायनल आली. तीन सेटची मॅच, तिसरा सेट पंधराचा. आम्ही तेरा, त्या चौदा. प्रेक्षकांत ते वडील पहिल्या ओळीत उभे होते, बसच्या गणवेशातच. चेंडू आमच्याकडे आला, वाईट आला, नेटपासून लांब. लेक धावली, चेंडूखाली पोचली, डावीकडे तोंड, खांदे डावीकडे, अगदी खांदेसुद्धा! आणि चेंडू डोक्यावरून मागे. समोरच्या दोघी ब्लॉकर डावीकडे धावल्या. उजवीकडे आमची स्मॅशर एकटी, समोर नेट मोकळं.

आणि टाळी वाजली. एकाच माणसाची, लेकीच्या वडिलांची. स्मॅश व्हायच्या आधी, चेंडू अजून हवेत असताना. सगळं मैदान श्वास रोखून होतं आणि हा माणूस खणखणीत टाळ्या वाजवत होता.

स्मॅशरनं जीव खाऊन मारला. चेंडू रेषेच्या बाहेर पडला, चार बोटं. फक्कीचा कणही उडाला नाही. आम्ही हरलो.

समोरच्या शाळेचा जल्लोष सुरू झाला तरी या वडिलांची टाळी चालूच होती. शेजारच्या कुणीतरी त्यांना म्हटलं, "अहो, आउट गेला." ते म्हणाले, "जाऊ द्या ना. त्या दोघी कुठं पळाल्या ते पाहिलं का?" मी पाठ फिरवून रडले. कॉलेजात मी किती चेंडू असे उठवले असतील, त्यांतल्या एकालाही त्या वेळी टाळी मिळाली नव्हती. ही मुलीची होती, मला ठाऊक आहे. पण थोडी मीही घेतली.

स्मॅशर मुरमात बसून हमसाहमशी रडत होती. लिफ्टर तिच्याजवळ गेली, हात धरून तिला उठवलं आणि म्हणाली, "गप गं. पुढच्या वर्षी पण शेवटचा तुलाच देणार."

बोलून गेली आणि थबकली. पुढच्या वर्षाचं वचन द्यायचा हक्क आपल्याला नाही, हे तिला तेव्हा आठवलं असावं. तिनं वडिलांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"दे ना मंग," ते म्हणाले. "माह्याकडं काहून पाहतं? क्लास सकाळचा लावला म्या."